बिअरच्या पातेल्याशेजारी कॉफी

घरी बिअर बनवणाऱ्याचा निम्मा छंद वाट पाहण्यातच जातो. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे, तासभर गरम पाण्यात ठेवायचे, निघालेला गोड रस हॉप्सची फुलं घालून आणखी तासभर उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. एवढ्यात अख्खा रविवार संपतो. पुढचे दोन-तीन आठवडे यीस्टचं काम चालतं आणि माणसाला काही काम उरत नाही. शेवटी पिंप उघडल्यावर चव तुरट निघाली, तर ती सातू फार बारीक भरडल्यामुळे की पाणी जास्त तापल्यामुळे, हे तपासायला पुन्हा एक रविवार आणि पुन्हा तीन आठवडे. कॉफी चार मिनिटांत निकाल देते. दळण जाड झालं होतं की पाणी कोमट होतं, हे पहिल्या घोटातच कळतं आणि दुसरा कप लगेच करून पाहता येतो.

अमेरिकेत घरगुती बिअरवाल्यांच्या गॅरेजमध्ये आणि तळघरात कॉफीचं सामान इतक्या सहज का शिरलं, याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. सकाळी लवकर उठून पातेलं चढवायचं म्हणून कॉफी लागते, हे खरं आहे. पण तेवढ्यासाठी कोणी दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा विकत घेत नाही. वजनकाटा, अचूक तापमापक, पाण्यातल्या क्षारांचा तक्ता, प्रत्येक खेपेची नोंदवही हे सगळं बिअरवाल्याकडे आधीच असतं. त्याला फक्त ते दुसऱ्या कामाला लावायचं असतं.

या दोन छंदांचं गूळपीठ जुनं आहे. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोतली बंद पडायला आलेली अँकर ही बिअर-भट्टी विकत घेतली. पुढच्याच वर्षी खाडीपलीकडे बर्कलीत आल्फ्रेड पीट नावाच्या डच गृहस्थांनी ताज्या भाजलेल्या कॉफीचं दुकान उघडलं. अमेरिकेतली बिअर तेव्हा पाणचट होती आणि कॉफी डबाबंद. चवीची चाड असलेली मंडळी दोन्हींवर एकाच वेळी वैतागलेली होती. सिअ‍ॅटलमधल्या तीन मित्रांनी पीट यांच्याकडे धडे घेऊन १९७१ मध्ये स्टारबक्स सुरू केलं. ते तेव्हा तयार कॉफी पाजणारं दुकान नव्हतं, घरी नेऊन करायच्या बिया विकणारं होतं. त्या तिघांपैकी गॉर्डन बाउकर याने दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, पॉल शिपमनबरोबर रेडहूक ही बिअर कंपनी काढली. एकाच माणसाने दोन्ही दारं उघडली, हा मला योगायोग वाटत नाही.

कायद्याने मात्र बिअरला बराच काळ अडवून धरलं. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती मिळायला १४ ऑक्टोबर १९७८ उजाडावा लागला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर कर न भरता बनवता येऊ लागली. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे घरगुती बिअरवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे एक संस्थापक चार्ली पपेझियन हे अणुअभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ, आणि या छंदाला मोजमापाची सवय लागली ती अशाच लोकांमुळे. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामात ही परवानगी यायला २०१३ साल लागलं.

कॉफीवरही एकदा अशी वेळ आली होती, हे कमी लोकांना ठाऊक असतं. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याला परदेशी कॉफीवर जाणारा पैसा सलत होता. आपण आणि आपले पूर्वज बिअरवर वाढलो, प्रजेनेही बिअरच प्यावी, असं त्याने १७७७ मध्ये जाहीर केलं. १७८१ मध्ये त्याने घरी कॉफी भाजण्यावर बंदी घातली आणि निवृत्त सैनिकांना गल्लोगल्ली वास घेत फिरायला लावलं. भाजलेल्या कॉफीचा वास लपवणं किती अवघड, हे घरी भाजणारा कोणीही सांगेल.

दोन्ही पेयांत सर्वात जास्त भरणा पाण्याचा. बिअरच्या इतिहासात गावाच्या पाण्याने गावाची बिअर ठरवली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथे हॉप्सचा कडवटपणा लख्ख उमटणारी बिअर झाली. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी जवळपास क्षारविरहित, म्हणून तिथली बिअर फिकट सोनेरी आणि मऊ. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. ते आम्ल मारतं, त्यामुळे फिकट सातूची बिअर तिथे नीट जमत नसे. काळपट भाजलेल्या सातूतली आम्लता त्या पाण्याला पुरून उरली आणि काळी स्टाउट त्या शहराची ओळख झाली.

घरगुती बिअरवाला हे सगळं पाठ करून बसलेला असतो. तो शुद्ध केलेल्या पाण्यात चिमूटभर जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घालून हवं ते गाव पातेल्यात उतरवतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाकतो. कॉफीच्या जगात पाण्याकडे इतक्या बारकाईने पाहायला बराच उशीर झाला. २०१४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि इंग्लंडमधल्या बाथ शहरात कॉफीचं दुकान चालवणारे मॅक्सवेल कॉलोना-डॅशवूड यांनी सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध लिहिला. कॉफीतल्या चवीच्या घटकांना मॅग्नेशियम कसं धरून ठेवतं आणि बायकार्बोनेट आम्लता कशी बोथट करतं, याची मांडणी त्यात होती. डब्लिनची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला यातला दुसरा भाग नव्याने शिकावा लागला नाही. कॉफीतली फळांसारखी आंबूस चव बायकार्बोनेटने भरलेल्या पाण्यात मरून जाते आणि पेय खडूसारखं सपक लागतं. उलट क्षार अगदीच नसतील तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते.

आपल्याकडेही हा प्रयोग फुकट होण्यासारखा आहे. बोअरवेलचं जड पाणी आणि आरओ यंत्राचं पाणी या दोन्हींत एकच कॉफी करून शेजारी शेजारी ठेवा. आरओ यंत्रावर टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडा जितका खाली तितकं पाणी चांगलं, असा समज विक्रेत्यांनी घरोघरी रुजवला आहे. कॉफीच्या तज्ज्ञ संघटनांनी सुचवलेला आकडा लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपासचा आहे. यंत्रातून ३० चा आकडा घेऊन येणारं पाणी कॉफीसाठी गरीबच.

पाण्यानंतर प्रश्न येतो, त्या पाण्यात काय आणि किती उतरलं याचा. बिअरवाला हे काम हायड्रोमीटरने करतो. काचेची ती नळी गोड रसात तरंगवली की साखर किती उतरली ते कळतं. कॉफीसाठी असं गणित मांडलं अर्नेस्ट लॉकहार्ट या एमआयटीतल्या रसायनशास्त्रज्ञाने, १९५० च्या दशकात. भाजलेल्या कॉफीचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकी चोथाच. पण विरघळेल तेवढं सगळं काढून घेतलं तर पेय कडू, तुरट होतं. लॉकहार्टच्या तक्त्यानुसार कोरड्या पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर बहुतेकांना चव आवडते.

हिशेब सोपा आहे. २० ग्रॅम पुडीवर ३०० ग्रॅम पाणी ओतलं, पुडीने आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन टाकलं, खाली २६० ग्रॅम कॉफी आली. त्या पेयात १.४ टक्के घनभाग असेल तर ३.६४ ग्रॅम कॉफी उतरली, म्हणजे पुडीच्या १८.२ टक्के. ही टक्केवारी १४-१५ वर अडकली तर कॉफी आंबट आणि अर्धीमुर्धी लागते. मग दळण बारीक करा, पाणी जास्त गरम घ्या किंवा जास्त वेळ ठेवा.

घनभाग मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, आणि तो तर बिअरवाल्याच्या खणात आधीच पडलेला असतो. इथे मात्र त्याची फसगत होते. बिअरसाठीचं स्वस्त हातयंत्र ०.२ टक्क्याच्या टप्प्याने वाचन देतं. साखरेच्या १२ टक्के रसात एवढा फरक किरकोळ आहे, १.४ टक्क्याच्या कॉफीत तोच फरक सगळं गणित उलटवतो. कॉफीचं अचूक यंत्र बरंच महाग येतं. माझं मत विचाराल तर घरच्या छंदासाठी ते नसलं तरी चालतं. वजनकाटा आणि जीभ पुरते.

तापमानाच्या बाबतीत बिअरवाल्याची शिस्त कॉफीत थेट चालत नाही. सातूतल्या पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्स ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला उत्तम काम करतात आणि उकळत्या पाण्यात मरतात. शिवाय सातूच्या टरफलावर ७७ अंशांपेक्षा गरम पाणी घातलं तर तुरटपणा उतरतो, म्हणून गरम पाण्याची भीती त्याच्या अंगात मुरलेली असते. कॉफीत एन्झाइम्सचा संबंधच नाही, काम फक्त विरघळवण्याचं. तिथे ९२ ते ९६ अंश लागतात आणि फिकट भाजलेल्या बियांना तर आधणाचं पाणीही चालतं. मात्र एस्प्रेसोच्या यंत्रात तापमान खालीवर झालं की चव लगेच बदलते. रॅन्सिलियो कंपनीच्या सिल्व्हिया या घरगुती यंत्राचा तापमान-नियंत्रक ढोबळ होता. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हौशी लोकांनी त्याचं झाकण उघडून आत कारखान्यात वापरतात तसा पीआयडी नियंत्रक बसवायला सुरुवात केली. विजेवर चालणाऱ्या बिअरच्या पातेल्याला जो जोडतात तोच. त्या एकाच नियंत्रकावर दोन्ही कामं शिकलेले असे बरेच जण निघाले.

भाजण्यात तर दोन्ही धंद्यांचं जुनं देणंघेणं आहे. इंग्लंडमध्ये १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने सातू काळे भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याचं फिरतं पिंप कॉफी भाजायच्या पिंपासारखंच होतं. त्यातून निघालेल्या थोड्याशा काळ्या सातूने अख्खी बिअर काळी होऊ लागली आणि आज आपण ज्याला स्टाउट म्हणतो त्यात कॉफीसारखी चव उतरली. कारण रसायनशास्त्र एकच: उष्णतेने साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि शेकडो सुवासिक द्रव्यं तयार होतात. या क्रियेला फ्रेंच संशोधक मायार याचं नाव आहे, त्याने ती १९१२ मध्ये वर्णन केली. लाडवासाठी बेसन भाजताना कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो तो याच क्रियेमुळे, आणि हात थांबला तर करपतं तेही याचंच पुढचं पाऊल.

अमेरिकेत घरी कॉफी भाजण्याची सुरुवात अनेकांनी मक्याच्या लाह्या फोडायच्या यंत्रात केली. वेस्ट बेंड कंपनीचं पॉपरी हे गरम हवेचं जुनं यंत्र त्यासाठी इतकं प्रसिद्ध झालं की लोक ते जुन्या बाजारात हुडकू लागले. हवा बाजूच्या फटींमधून आत येऊन दाणे गोल फिरवणारं यंत्र असेल तर बिया समान भाजल्या जातात. हवा तळातल्या जाळीतून वर येत असेल तर फोलपट त्या जाळीवर साचून पेट घेऊ शकतं. याहून रांगडी पद्धतही आहे: कुत्र्याला खायला घालायचं स्टीलचं भांडं, रंग काढायची हीट गन आणि लाकडी डाव. बिअरवाल्यांना अशा जुगाडाचं वावडं नसतं. त्यांची अर्धी भट्टी थंडपेयांच्या जुन्या पिंपांतून उभी असते.

हिरव्या बिया आधी पिवळ्या होतात, गवतासारखा वास येतो. मग पाव भाजल्यासारखा वास, मग तपकिरी रंग. बियांचं तापमान २०० अंशांच्या जरा आत असताना लाह्या फुटल्यासारखी तडतड सुरू होते. त्याला पहिली तडतड म्हणतात; इथून पुढे बी प्यायच्या लायकीची. साधारण २२५ अंशांना दुसरी, बारीक तडतड ऐकू येते आणि तेल वर येऊ लागतं. या दोन आवाजांमध्ये कुठे थांबायचं, हाच सगळा निर्णय. थांबल्यावर बिया लगेच दोन चाळण्यांमध्ये खालीवर करून निववाव्या लागतात, नाहीतर आतल्या उष्णतेने त्या भाजत राहतात. वजन १२ ते १८ टक्क्यांनी घटतं. एक दिवस तरी पूर्ण हवाबंद न करता ठेवल्या की बराचसा कर्बवायू निघून जातो आणि चव सावरते. हिरव्या बिया सहा महिने ते वर्षभर टिकतात, भाजलेल्यांचा बहर काही आठवड्यांत ओसरतो. पोतं घेऊन ठेवा, लागेल तसं भाजा, हे गणित सातूची पोती साठवणाऱ्याला लगेच पटतं.

भारताचा मान्सून्ड मलबार या हौशी मंडळींत चांगला ओळखीचा आहे. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बिया महिनोन्महिने दमट हवेत फुगून पिवळट व्हायच्या. वाफेच्या बोटींनी प्रवास आटोपता झाल्यावर गिऱ्हाइकांना ती जुनी चव सापडेना, म्हणून आता मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात बिया मुद्दाम पसरून तसंच केलं जातं. आम्लता कमी, अंग जड. एस्प्रेसोला दाट फेस आणायला ती मिसळतात.

बिअरवाल्याचं एक सामान कॉफीत फारच कामी आलं, ते म्हणजे १९ लिटरचं स्टीलचं कॉर्नेलियस पिंप. गिनेस कंपनीतल्या मायकेल ॲश या गणितज्ञाने १९५९ मध्ये नायट्रोजन वापरून स्टाउटला मखमली फेस आणायची पद्धत बसवली. कर्बवायू पाण्यात विरघळून आंबूसपणा देतो. नायट्रोजन जेमतेम विरघळतो आणि नळातल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडताना अतिसूक्ष्म बुडबुडे करतो. साधारण २०१२-१३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या काही कॉफीवाल्यांनी हीच युक्ती थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढलेल्या कॉफीवर केली. घरगुती बिअरवाल्याकडे पिंप, नळ्या, दाबमापक, स्टाउटचा नळ असं सगळं होतंच. शुद्ध नायट्रोजनची टाकी भाड्याने आणली की झालं.

इथेच एक इशारा द्यायला हवा, कारण बिअरचा अनुभव या ठिकाणी चुकीचा धीर देतो. बिअर स्वतःचं रक्षण करते. तिच्यात अल्कोहोल असतं, हॉप्स असतात, पीएच ४ ते ४.५ च्या दरम्यान असतो, यीस्टने साखर फस्त केलेली असते. घातक जंतू तिथे टिकत नाहीत. थंड भिजवलेल्या कॉफीचा पीएच ५ च्या आसपास असतो. हवा काढून नायट्रोजन भरलेल्या बंद पिंपात, थंडावा नसेल तर, बोटुलिझमचे जिवाणू वाढायला हीच परिस्थिती सोयीची. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉफी कंपनीने नेमक्या याच धोक्यापायी नायट्रो कॉफीचे डबे बाजारातून परत मागवले. कोणी आजारी पडल्याची नोंद नव्हती. घरी करणाऱ्याने पिंप उकळत्या पाण्याने धुवावं, कायम ४ अंशांच्या आत ठेवावं आणि आठवड्यात संपवावं. बिअरसारखं कोपऱ्यात मुरत ठेवायची ही चीज नाही.

बिअरमध्ये कॉफी घालण्याचा प्रकार तर छंद जुळल्यावर होणारच. पूर्वी लोक उकळत्या पातेल्यात पूड टाकत आणि कडवट काढा मिळवत. आता यीस्टचं काम संपल्यावर थंड भिजवलेला अर्क घालतात किंवा अख्ख्या बिया एक-दोन दिवस पिंपात सोडतात. बिया जास्त दिवस राहिल्या तर बिअरला चक्क ढोबळी मिरचीचा वास येऊ शकतो.

चव पारखायची शिस्तही बिअरच्या जगातून घेण्यासारखी आहे. बिअर उद्योगात रुळलेल्या एका चाचणीत तीन पेले ठेवतात, दोन सारखे आणि एक वेगळा. कुठला वेगळा ते न बघता ओळखायचं. कॉफी चाखण्याच्या जागतिक स्पर्धेत असे आठ संच आठ मिनिटांत सोडवावे लागतात. घरी बायको किंवा नवरा पेले मांडून देईल एवढंच लागतं. महागड्या केटलीने चव बदलते असं छातीठोकपणे सांगणारे बरेच जण या तीन पेल्यांपुढे गप्प होतात.

इतकं साम्य असूनही दोन छंदांत एक मूलभूत फरक आहे आणि बिअरवाल्याला तो पचायला वेळ लागतो. बिअरची पाककृती त्याची स्वतःची असते. चार प्रकारचे सातू, तीन हॉप्स, यीस्टची जात हे सगळं तो ठरवतो. कॉफी त्याच्या हातात येते तेव्हा तिचं बरंचसं भवितव्य ठरून गेलेलं असतं. फळ कुठल्या उंचीवर पिकलं, किती पिकल्यावर तोडलं, गर काढण्यासाठी बिया किती तास आंबवल्या, हे काम शेतकऱ्याने उरकलेलं असतं. आंबवणं हा बिअरवाल्याचा हातखंडा, पण कॉफीत ते हजारो मैल दूर शेतावर होतं. आता तर काही शेतांवर हवाबंद टाक्यांना बिअरसारख्याच वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा लावून बिया आंबवतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा साशा शेस्टिच वाइनमधून उचललेल्या तशाच एका पद्धतीच्या कॉफीवर जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकला. घरी बसलेल्या माणसाकडे मात्र उरतं ते न बिघडवण्याचं काम. मला ते कमी दर्जाचं वाटत नाही, पण ज्याला नवी पाककृती रचण्यात मजा येते त्याची भूक कॉफीने पुरती भागत नाही. म्हणून यातले बहुतेक लोक बिअर सोडत नाहीत. दोन्ही चालू ठेवतात.

महाराष्ट्रात या जोडीतली एकच बाजू मोकळी आहे. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी चालते, पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. कॉफीला कोणी विचारत नाही. मेळघाटात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत, हे किती पुणेकर-मुंबईकरांना माहीत असतं कोण जाणे.

सुरुवात करायची असेल तर यंत्रावर पैसे घालू नका. हाताने फिरवायची चांगली कॉफीची गिरणी आणि वजनकाटा आधी घ्या, भाजल्याची तारीख छापलेल्या अख्ख्या बिया घ्या, लिटरला ५५ ते ६० ग्रॅमचं प्रमाण धरा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बिया घरी भाजायच्या झाल्या तर पहिल्या खेपेला शंभर ग्रॅमच घ्या, खिडकी सताड उघडी ठेवा आणि दुसरी तडतड सुरू होण्याआधीच भाजणं थांबवा.